जुनी रेसिंग कॅटामरान कमी बजेटमध्ये कशी घ्यायची आणि चालवायची? रत्नागिरीतल्या आमच्या होबी १६ चा पूर्ण हिशोब

मोबाइलवर रील्स बघताना तुम्ही कधीतरी हा व्हिडिओ पाहिला असेल: दोन होड्या शेजारी शेजारी जोडलेली एक शिडाची बोट, त्यातली एक होडी हवेत उचललेली, आणि दोन माणसं तारेला लटकून पाण्यावर बाहेर झुकलेली. इंजिन नाही, डिझेल नाही, तरी स्कूटरच्या वेगाने पळतेय. हीच रेसिंग कॅटामरान. आम्ही चौघांनी, म्हणजे मी, माझा चुलतभाऊ आणि कॉलेजचे दोन मित्र, मिळून अशी एक जुनी बोट घेतली आणि रत्नागिरीत आणली. या लेखात ती कशी निवडायची, काय तपासायचं, खरा खर्च किती येतो आणि मोबाइलवर वारा-भरती कशी बघायची हे सगळं सांगतो. आमची एक मोठी चूकही सांगणार आहे, कारण ती महागात पडता पडता राहिली.

## कॅटामरान म्हणजे नेमकं काय?

नाव तमिळ आहे. ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडं. पण मूळ कट्टुमरम ओंडके एकत्र बांधलेला तराफा असतो. आज आपण जिला कॅटामरान म्हणतो तिचे दोन वेगळे, पोकळ, अरुंद भाग असतात आणि ते आडव्या नळ्यांनी जोडलेले असतात. या प्रत्येक भागाला हल म्हणतात. मधल्या मोकळ्या जागेत जाळीचं कापड ताणून बांधतात, त्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात. बसायचं तिथेच.

कोकणातल्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडच्या जुन्या लहान होड्यांना बाजूला एक लाकडी ओंडका दांड्यांवर बांधलेला असायचा, ती उलांडी. अरुंद होडी उलटू नये म्हणून आधार बाहेर लांब नेऊन ठेवायचा, हेच तत्त्व. कॅटामरानमध्ये उलांडीच्या जागी दुसरी होडीच आली, एवढंच. पश्चिमेत हे फार उशिरा पोचलं. १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनियल हेरेशॉफ यांची ‘अ‍ॅमॅरिलिस’ ही कॅटामरान मोठमोठ्या यॉट मागे टाकून गेली आणि लोक चक्रावले.

वेगाचं कारण सोपं आहे. साध्या शिडाच्या बोटीला उलटू नये म्हणून रुंद पोट किंवा तळाला जड वजन लागतं, आणि ते सगळं पाण्यातून ओढत न्यावं लागतं. कॅटामरानला आधार रुंदीतून मिळतो, म्हणून प्रत्येक हल सडपातळ ठेवता येतो. वारा वाढला की एक हल पाण्याबाहेर येतो आणि पाण्याचं घर्षण आणखी कमी होतं.

## होबी १६ च का?

जुन्या बाजारात तुम्हाला तीन-चार नावं दिसतील. टॉर्नेडो ही १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये असलेली बोट, नाव ऐकूनच मोह होतो. पण ती ६.१ मीटर लांब आणि ३ मीटरहून रुंद आहे. ट्रकमध्ये घालायची तर सुटी करावी लागते आणि पुळणीवर चौघांना ओढवत नाही. फॉर्म्युला १८ प्रकारातल्या बोटी १८० किलोच्या, शिवाय त्यांना तळातून खाली सरकणारे डॅगरबोर्ड असतात. भाट्ये किंवा मांडवीसारख्या उथळ वाळूत ते आपटले की खर्च सुरू.

होबी १६ बनवली कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड तयार करणाऱ्या होबी अल्टर यांनी, १९७० च्या आसपास. उद्देश हाच, की बोट थेट लाटांतून पुळणीवर चढवता यावी. म्हणून तिला डॅगरबोर्ड नाहीच. तिचे हल बाहेरून सपाट आणि आतल्या बाजूने फुगीर असतात. वाऱ्याने बोट आडवी घसरू लागली की हा आकारच तिला धरून ठेवतो. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलो, डोलकाठी ८ मीटरच्या थोडी वर. जगभरात लाखाहून जास्त बनल्या आहेत, एशियन गेम्समध्येही हा वर्ग होता. याचा आपल्यासाठी अर्थ एकच: सुटे भाग अजून मिळतात आणि यूट्यूबवर प्रत्येक दुरुस्तीचा व्हिडिओ आहे.

तोटेही आहेत. वाऱ्याच्या दिशेने वर चढायला ही बोट आधुनिक बोटींइतकी चांगली नाही. आणि जोरात असताना वाऱ्याखालच्या हलची नाळ पाण्यात घुसते, मग बोट पुढच्या बाजूने कोलांटी मारते. याबद्दल पुढे बोलू, कारण आम्ही मारली आहे.

## बघायला जाण्याआधी: व्हिडिओ कॉलवर काय मागायचं?

आमची बोट गोव्यात होती. पहिल्या दोन बोटी बघायला आम्ही उगाच प्रवास केला. फोटोत दोन्ही चकाचक होत्या. तिसऱ्या वेळी शहाणे झालो आणि विक्रेत्याकडे आधी चार गोष्टी मागितल्या.

पहिली, नाण्याची चाचणी. दहा रुपयांचं नाणं घेऊन हलच्या वरच्या पृष्ठभागावर टकटक करत जायचं, मोबाइलचा माइक जवळ धरून. होबी १६ चा हल सँडविचसारखा असतो: बाहेर फायबर, मधे फोम, आत फायबर. थर घट्ट असतील तर आवाज कडक, टणक येतो. थर सुटले असतील तर बद्द आवाज येतो, भिंतीचं प्लास्टर सुटल्यावर येतो तसा. सगळ्यात जास्त हे पुढच्या खांबाच्या आसपास आणि त्याच्या पुढे होतं. अंगठ्याने दाबल्यावर पृष्ठभाग आत जात असेल तर तो भाग मऊ झालेला आहे.

दुसरी, हलच्या तळाचा फोटो, मधोमध जिथे तो सगळ्यात खाली येतो तिथला. वर्षानुवर्षं वाळूत ओढल्याने तिथला थर घासून कागदासारखा होतो.

तिसरी, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांचे जवळून फोटो. आणि चौथी, दोन्ही हल वेगवेगळे वजन करून काट्याचा फोटो. विक्रेता कुरकुरला, पण त्याने नारळाच्या वखारीतला काटा वापरून पाठवला. दोन्हींत चार-पाच किलोंचा फरक निघाला तर जड हलच्या फोममध्ये पाणी मुरलंय असं समजा. आमच्यात दीड किलोचा फरक होता, म्हणजे जुनी दुरुस्ती. चालतं.

## प्रत्यक्ष तपासणी: इथे घाई नको

मऊ भाग छोटा असेल तर घाबरू नका. बारीक छिद्रं पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने इपॉक्सी आत सोडता येते. पण तळहातापेक्षा मोठे दोन-तीन मऊ भाग असतील तर बोट कितीही स्वस्त असो, परत फिरा. फायबरच्या कामाला कोकणात हात कमी नाहीत. मिरकरवाड्यात फायबरच्या मच्छीमार होड्या रोज दुरुस्त होतात. आणि गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’मधूनच कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एक लक्षात ठेवा, होडीचं काम करणारा कारीगर सवयीने जाड थर चढवतो. त्याला आधीच सांगा की ही वजनाची बोट आहे, चार किलो रेझिन जास्त लागलं तर माझं नुकसान आहे. काम थंडीत करून घ्या, पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही.

गळती शोधायची तर हलमध्ये हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावायचं, पंक्चर काढतात तसं. पण हवा तोंडाने किंवा हातपंपाने, अगदी हलकी. गॅरेजचा कॉम्प्रेसर कधीच लावू नका, हल शिवणीत फाटेल.

पुढे खांब. ट्रॅम्पोलिनची फ्रेम हलवर चार खांबांवर बसते. एकाने एक हल धरायचा, दुसऱ्याने दुसरा हल वर-खाली हलवायचा. थोडी लवचीकता असणारच, पण खांबाच्या बुंध्याशी करकर आवाज आला किंवा भेग दिसली तर किंमत निम्मी करा.

डोलकाठी जमिनीवर ठेवून एका टोकाकडून डोळा लावून बघा, वाक दिसतो. आणि तिचा वरचा भाग कशाचा आहे ते बघा. डोलकाठी उभी करताना किंवा उभ्या डोलकाठीने बोट ओढताना विजेच्या तारेला टेकून अमेरिकेत माणसं दगावली. त्यानंतर १९८० च्या दशकात तिथे वरचा तुकडा फायबरचा येऊ लागला, त्याला कॉम्पटिप म्हणतात. आमची काठी पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची आहे. आपल्याकडे पुळणीला जाणाऱ्या गल्लीत वीज डोक्यावर किती खाली लोंबते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून आमचा नियम: काठी फक्त पुळणीवर, वर बघून, आणि उतरवल्याशिवाय रस्त्याकडे पाऊलही नाही.

आता तारा. डोलकाठी तीन बाजूंनी स्टीलच्या तारांवर उभी असते. एक तुटली की सगळी काठी खाली, तुमच्या डोक्यावर. सुती फडकं तारेवरून फिरवा, धागा अडकला तिथे एक पदर तुटलाय. पण खरं सांगू का, फडकंही फिरवू नका. जुन्या बोटीच्या सगळ्या तारा बदलायच्याच, हे धरूनच किंमत बोला. तार आतून, टोकाच्या दाबलेल्या नळीत गंजते आणि ते दिसत नाही. नवीन घेताना ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. दुकानदार ३०४ देतील, दिसायला सारखंच, पण खाऱ्या पाण्यात तांबूस डाग धरतं.

शिडाचं सगळे आधी विचारतात, मी शेवटी सांगतोय. जुनं शीड ढिलं झालं की वेग कमी होतो, जीव जात नाही. शिकायला ते पुरतं. फक्त शिवण नखाने ओढून बघा, उन्हाने धागा आधी मरतो. पुन्हा शिवून घेता येतं. ट्रॅम्पोलिन आम्ही रत्नागिरीतच ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतलं, जुनं उसवून मापाला दिलं.

कागद म्हणजे विक्रीचा करार स्टॅम्प पेपरवर, विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत, हलवरच्या आणि शिडावरच्या नंबरचे फोटो. महाराष्ट्रातली लहान बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. बोट पाण्यात घालण्याआधी बंदर कार्यालयात जाऊन काय लागतं ते विचारा, लेखी अर्ज द्या, आणि सागरी पोलिसांनाही कळवा. अनोळखी रंगीत शीड किनाऱ्याजवळ दिसलं की चौकशी होणारच, ती आधीच झालेली बरी.

## खरा खर्च: आमच्या वहीतून

हे आमचे आकडे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण प्रमाण साधारण असंच राहील.

बोट: १,४०,००० रुपये
ट्रक आणि हमाली, गोवा ते हातखंबा तिठा आणि पुढे टेम्पो: १६,०००
सगळ्या तारा नव्या: २१,०००
फायबर, रेझिन, मजुरी: १४,५००
ट्रॅम्पोलिन: ८,५००
दोन जुने ट्रॅपीझ हार्नेस: ७,०००
लाइफ जॅकेट: ६,०००
दोर, शॅकल, प्लग, सुकाणूच्या पिना: ९,०००
पुळणीवर ओढायची रुंद चाकांची ट्रॉली: ११,०००

एकूण २,३३,०००. चौघांत प्रत्येकी ५८,२५०, म्हणजे एका बऱ्या फोनची किंमत. बघा, बोटीच्या किमतीवर वरून ९३,००० गेले, जवळजवळ दोन-तृतीयांश. ‘दीड लाखात बोट’ म्हणणारा माणूस हा भाग सांगत नाही. तुमच्याकडे एकूण दीड लाख असतील तर नव्वद हजारांची बोट शोधा, दीड लाखाची नको.

ट्रकचं एक सांगतो. हल मावतात, डोलकाठी मावत नाही. आम्ही ती उघड्या ट्रकच्या केबिनवरून मागच्या फाळक्यापर्यंत बांधली, खाली जुने टायर घालून. ती मागे बाहेर लोंबू देऊ नका.

## मोबाइलवर वारा आणि भरती कशी बघायची?

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? ते इथे पहिल्यांदा उपयोगी पडतात. थंडीत रत्नागिरीत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा खारा वारा येतो. मतलईत पाणी आरशासारखं शांत दिसतं, नवशिक्याला वाटतं हीच वेळ. पण हा वारा तुम्हाला बाहेर, खोल समुद्राकडे नेतो. बोटीचं काही बिघडलं तर परत आणणारं कोणी नाही. खारा वारा उलट, काही तुटलं तरी किनाऱ्याकडे ढकलतो. सुरुवातीला फक्त दुपारच्या वाऱ्यात जा.

विंडी अ‍ॅपमध्ये रत्नागिरी टाकलं की तासातासाचा वारा दिसतो. एकक नॉट ठेवा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी. आमचा ठोकताळा: ८ ते १२ नॉट मस्त, १५ च्या वर सवय झाल्यावर, २० ला चहा प्यायला. झोताचा, म्हणजे गस्टचा आकडा वेगळा बघा. सरासरी १० आणि झोत १९ असेल तर तो १९ चा दिवस आहे. अ‍ॅपमध्ये दोन-तीन मॉडेल बदलून बघा. ती एकमेकांशी जुळत नसतील तर अंदाजावर विसंबू नका. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा सागरी अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. तो इशारा असेल तर विषय संपला.

भरतीचं गणित रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला ओहोटीचा ओढा जास्त. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, जिथे काजळी नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीचं पाणी बाहेर जातं आणि वरून वायव्येचा वारा आत येतो. दोघं समोरासमोर भिडले की लाटा उभ्या, तुटक होतात. अ‍ॅप हे दाखवत नाही. मिरकरवाड्यातला कोणताही तांडेल दाखवतो, विचारलं तर.

आम्ही विचारलं नव्हतं.

## आमची चूक

फेब्रुवारी, तिसरी फेरी. बोटीवर मी आणि चुलतभाऊ. माझं वजन ५८, त्याचं ५१. दुपारी साडेचारला वारा वाढला, आम्ही खूश. मी मेनशीट, म्हणजे मोठं शीड ओढायचा दोर, दातेरी खाचेत अडकवून ठेवला होता, हात दुखत होते म्हणून. झोत आला तेव्हा तो सुटला नाही. वाऱ्याखालची नाळ पाण्यात घुसली, मागचा भाग वर आला आणि मी भावाच्या डोक्यावरून पुढे उडालो.

बोट आधी आडवी झाली, मग पूर्ण उलटी. व्हिडिओत बघितल्याप्रमाणे आम्ही खालच्या हलवर चढलो, दोर धरून मागे झुकलो. काही नाही. पुन्हा झुकलो. बोट कणभर उचलायची आणि परत बसायची. वीस मिनिटं हेच केलं. दरम्यान खाडीच्या ओहोटीने आम्हाला मांडवीच्या समोरून बाहेर नेलं होतं आणि हात सुन्न झाले होते. भाऊ बोलायचा थांबला, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मिरकरवाड्याकडे परतणारी एक मच्छीमार बोट वळली. तांडेल वरून म्हणाला, “अरे पोरांनो, आधी दोरी धरा. होडी कुठं पळत नाय.” मग त्यांच्यातला एक धिप्पाड खलाशी हसत आमच्या हलवर उतरला, आमच्याबरोबर झुकला, आणि बोट एका झटक्यात उभी राहिली. तिघांत एवढाच फरक होता: वजन.

घरी येऊन वाचलं. होबी १६ च्या शर्यतीत दोघांचं मिळून किमान वजन १२९ किलो धरलेलं आहे, आणि बोट सरळ करायलाही साधारण तेवढंच लागतं. आमचं होतं १०९. ही माहिती पहिल्या दिवसापासून मोबाइलवर उपलब्ध होती. आम्ही रंगाचे फोटो बघत बसलो होतो. आईने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. काकांनी बोटीचे दोन्ही प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवले.

## उलटल्यावर बोट सरळ कशी करायची?

प्लग परत मिळाले ते एका अटीवर: किनाऱ्याजवळ, कमरेच्या थोड्या वर पाण्यात, मुद्दाम दहा वेळा उलटून सरळ करून दाखवायची. आता हे आम्ही प्रत्येक नव्या माणसाकडून करून घेतो. अशा वेळी काठीच्या टोकाला मोकळे रिकामे कॅन बांधा. आठ मीटरची काठी उथळ पाण्यात तळाला रुतली तर वाकते.

क्रम असा. आधी दोन्ही शिडांचे दोर पूर्ण मोकळे. मग एकाने नाळेकडे सरकायचं, म्हणजे बोट फिरून नाळ आणि काठीचं टोक वाऱ्याच्या दिशेला येतं आणि वारा शिडाखाली शिरून मदत करतो. मग दोघांनी खालच्या हलवर उभं राहून, वरच्या हलवरून आणलेल्या दोराला धरून, गुडघे न वाकवता मागे झुकायचं. घाई नाही, पहिलं अर्धं मिनिट काहीच होत नाही. वरचा हल खाली आदळायला लागला की त्याच्याखालून बाजूला व्हायचं आणि समोरची आडवी नळी पकडायची, नाहीतर बोट दुसऱ्या बाजूला पडते, किंवा तुम्हाला सोडून निघून जाते.

वजन कमी असेल तर जुगाड आहे, आणि तो जगभर वापरतात: पाण्याची पिशवी. ताडपत्रीची, जाड पट्टे शिवलेली, ४० लिटरची पिशवी आम्ही करून घेतली. ती समुद्राच्या पाण्याने भरून पाठीवर घ्यायची आणि झुकायचं. पिशवी पाण्याबाहेर असेपर्यंत तेवढं वजन तुमच्यात मिळतं. डोलकाठीच्या टोकाला हवाबंद फ्लोट लावला की बोट पूर्ण उलटी होत नाही, आडवीच राहते. तो पुढच्या वर्षीच्या खर्चात आहे.

## मोबाइल, मदत आणि बाकी प्रश्न

फोन बोटीवर न्यायचा का? हो, पण पाऊचमध्ये, आणि पाऊच लाइफ जॅकेटला बांधलेला, बोटीला नाही. बोट आणि तुम्ही वेगळे होऊ शकता. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, म्हणून पॉवर बटण पाच वेळा दाबून चालणारा इमर्जन्सी एसओएस आधीच सेट करा. किनाऱ्यावरच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. कोस्ट गार्डचा मदत क्रमांक १५५४, सर्वसाधारण आपत्कालीन ११२. दोन्ही नंबर किनाऱ्यावरच्या माणसाकडेही हवेत. कारण काळजी त्याला आधी लागते.

प्लग विसरलो तर? प्रत्येक हलला मागे पाणी काढायचं बूच असतं. ते न लावता निघालात तर वीस मिनिटांत बोट जड होऊ लागेल. आम्ही सुकाणूच्या दांड्याला लाल चिंधी बांधतो, बूच लावल्याशिवाय ती सोडायची नाही.

वळताना बोट वाऱ्यासमोर अडकते, काय करू? सगळ्यांची अडकते. पुढचं शीड लगेच दुसऱ्या बाजूला घेऊ नका, वाऱ्याने नाळ ढकलू द्या. बोट मागे सरकू लागली तर सुकाणू उलट फिरवा.

रापणीचं जाळं दिसलं तर? लांबून जा. त्यांचा दिवस त्यावर आहे. सुकाणू वर उचलता येतं म्हणून वरून जाऊ, असं करू नका.

पावसाळ्यात? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तो नियम शिडाच्या बोटीसाठी केलेला नाही, पण समुद्र तोच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं होतं, ते कित्येकांनी बघितलंय. आमची बोट मेअखेर सुटी होते. हल पालथे, शीड गोड्या पाण्याने धुऊन घरात, तारांना घड्या न पाडता गुंडाळून.

तो तांडेल पुन्हा भेटला का? दर आठवड्याला भेटतो. डिझेलचे पैसे त्याने घेतले नाहीत. त्याच्या मुलाला मात्र बोटीवर यायचंय, आणि त्याचं वजन ८२ आहे.